रेणूंची भाऊबंदकी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मंगरूळपीरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तासभर बसून पाहावं. सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगांकडे निघालेलं असतं. उंटअळी आणि तंबाखूची पानं खाणारी अळी याच सुमारास जोर धरतात. शेलूबाजार, आसेगावकडून आलेली माणसं काउंटरवर रेलून म्हणतात, "अळीचं औषध द्या." दुकानदार दोन बाटल्या पुढे ठेवतो. "कंटेंट सेम हाये भाऊ, कंपनी फक्त दुसरी." त्यावर गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सेम हाये त मंग पैशात फरक काऊन?"

या प्रश्नाचं अर्धं उत्तर व्यापारात आहे आणि अर्धं पेटंट कायद्यात. आपल्याला दुसऱ्या अर्ध्याशी काम आहे. पण त्याआधी त्या गिऱ्हाइकाच्या तोंडचा 'औषध' हा शब्द उचलून ठेवू. शहरातला माणूस त्याला हसतो. कीड मारायच्या विषाला औषध काय म्हणायचं! गंमत अशी की भारताचा १९७० चा पेटंट कायदाही नेमकं हेच म्हणत होता. त्या कायद्यातल्या 'औषध' या शब्दाच्या व्याख्येत कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं आणि पिकाच्या संरक्षणासाठी वापरायचे सगळे पदार्थ घातलेले होते. त्याचा परिणाम मोठा झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे. तो बनवायच्या कृतीवर मिळे, तेही फार तर सात वर्षं. दुसऱ्यानं वेगळ्या वाटेनं तोच रेणू गाठला तर त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. देशी कीटकनाशक उद्योग या मोकळिकीत वाढला. त्या दिवसांत एक रेणू दुसऱ्यासारखा आहे की नाही, यावर कोर्टात डोकं फोडायची फारशी वेळच येत नसे.

१ जानेवारी २००५ पासून हे बदललं. खुद्द रेणूवर पेटंट मिळू लागलं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांसाठी. तेव्हापासून रेणूंच्या भाऊबंदकीचे खटले उभे राहू लागले.

भाऊबंदकी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दोन बाटल्यांत अगदी तोच रेणू असेल तर वाद सोपा असतो: पेटंट चालू आहे का, संपलं का, एवढंच पाहायचं. खरी कटकट होते ती रेणू तोच नसून त्याचा भाऊ असतो तेव्हा. सांगाडा एक, नाकडोळे सारखे, फक्त एका कोपऱ्यात क्लोरीनच्या जागी दुसरंच काहीतरी बसवलेलं. नवा रेणू आणणारा म्हणतो, हा माझा शोध. समोरचा म्हणतो, कसला शोध? थोरला भाऊ सगळ्यांना माहीत होता, धाकटा कुणालाही सुचला असता.

रसायनशास्त्र या भांडणात कोणाच्या बाजूनं बोलतं? कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या. सगळी मेख तिथेच आहे.

जुन्या शेतकऱ्यांना फॉलिडॉल हे नाव आठवत असेल. त्या नावाच्या भुकटीत मिथाइल पॅराथिऑन असे. ते माणसालाही घातक होतं, आणि २०१८ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. आता त्याच्या रेणूचं चित्र काढा आणि बेंझिनच्या कड्यावर एका ठिकाणी एक मिथाइल गट चिकटवा. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, रसायनशास्त्रातला सगळ्यात किरकोळ पाहुणा. तयार झालेल्या रेणूचं नाव फेनिट्रोथिऑन. जपानच्या सुमिटोमो कंपनीनं तो आणला. किडीला तो मारतोच, पण उंदीर, माणूस यांच्यासाठी त्याचं विषारीपण मिथाइल पॅराथिऑनपेक्षा अनेक पटींनी कमी निघालं. कागदावरची दोन चित्रं शेजारी ठेवली तर बारावीचा विद्यार्थीही फरक चटकन दाखवील. पण त्या फरकानं विष बोथट होईल, हे चित्रावरून कोणाला वाचता येईल?

दुसरं उदाहरण जवळचं आहे. तुरीवर घाटेअळी आली की वऱ्हाडात इमामेक्टिन बेंझोएट फवारतात. त्याचा मूळपुरुष अबामेक्टिन. जमिनीतल्या एका सूक्ष्मजीवानं बनवलेला हा रेणू कोळ्यांवर उत्तम चालतो, अळ्यांवर मात्र तितका जोर करत नाही. मर्क कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्याच्या शेपटाकडच्या साखरेवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढून तिथे मिथाइल-अमाइन बसवलं. एवढ्या अवाढव्य रेणूत हा बदल म्हणजे वाड्याची एक खिडकी बदलण्यासारखा. पण काही अळ्यांवर नव्या रेणूचा जोर शेकडो पटींनी वाढला.

म्हणून कोणी असं समजू नये की छोटा बदल नेहमीच मोठा चमत्कार करतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मिथाइलच्या जागी इथाइल घालावं, क्लोरीनच्या जागी ब्रोमीन घालावं, आणि अळी तशीच पान खात राहावी किंवा तशीच मरावी, हाच प्रयोगशाळेतला रोजचा अनुभव. म्हणूनच कायद्याला शंका घेण्याचा अधिकार आहे. रूप जवळचं असेल तर गुणही जवळचे असतील, या अपेक्षेनं सुरुवात करायची आणि ती अपेक्षा खोटी पाडण्याचं ओझं नव्या रेणूच्या मालकावर टाकायचं, अशी रीत अमेरिकेतल्या न्यायालयांनी फार आधी पाडली. ती मला न्याय्य वाटते, पण एका अटीवर: तुलना खऱ्या जवळच्या भावाशी झाली पाहिजे. पंधरा पिढ्या दूरच्या चुलत्याशी नवा रेणू ताडून "बघा, आमचा किती तेज" असं दाखवणारे तक्ते अर्जांत पुष्कळ सापडतात. सारखी मात्रा, एकाच वयाच्या अळ्या, तेच पीक, आणि शेजारी सगळ्यात जवळचा जुना रेणू. एवढं असेल तरच आकडे बोलतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २ मध्ये 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'ची व्याख्या आहे. जुन्या ज्ञानाच्या मानानं तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यावर शेवटची गाठ अशी की, ती गोष्ट त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. नुसतं आर्थिक महत्त्व पुरत नाही. बाटली खूप खपते म्हणून रेणू शोध ठरत नाही.

'सहज सुचण्यासारखी' म्हणजे काय? हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. पेटंट खटल्यात मात्र काकणालाही आरसा लागतो. "हे तर उघडच आहे" असं म्हणून वकिलाला खाली बसता येत नाही. कुठल्या जुन्या कागदात काय लिहिलं होतं, त्यातलं काय जाणकाराला माहीत होतं, आणि त्यावरून या रेणूकडे जायला त्याच्याकडे काय कारण होतं, हे दाखवावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयानं हा आरसा पहिल्यांदा नीट धरला तो भांड्यांच्या खटल्यात. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, निकाल डिसेंबर १९७८. चपटी धातूची भांडी लेथवर घट्ट धरून तासण्याच्या एका साधनावर पेटंट होतं. न्यायालयानं विचारलेला प्रश्न साध्या शब्दांत असा: त्या धंद्यातल्या कसबी माणसाला नवं साधन न दाखवता फक्त अडचण आणि जुनी माहिती दिली, तर त्याला हवं ते त्यातच मिळालं असतं का? उत्तर होकारार्थी आलं आणि पेटंट टिकलं नाही. आज कर्करोगाच्या गोळ्यांवर आणि अळीच्या औषधांवर जो वाद चालतो, त्याच्या मुळाशी ही लेथवरची परात आहे. मला तर हे फार योग्य वाटतं. कायदा शेवटी कारागिराच्या शहाणपणावर उभा आहे.

रेणूंच्या बाबतीत या कसोटीची शिस्त दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या खटल्यात पायऱ्या पाडून मांडली. जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा कोणता ते ठरवा, त्या तारखेला जाणकाराच्या डोक्यात सर्वसाधारण ज्ञान किती होतं ते धरा, जुनं आणि नवं यांतला फरक मोजा, आणि मग पाहा की नवा शोध ठाऊक नसताना तो फरक सहज ओलांडता आला असता का.

शेवटची पायरी सगळ्यात निसरडी आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. न्यायाधीशापुढे फाइल येते तेव्हा रेणू बाजारात गाजलेला असतो, त्याचं चित्र पहिल्याच पानावर असतं. मग जुन्या कागदांत मागे मागे जात वाट शोधणं सोपं होतं: इथून हा गट घेतला, तिथून तो, झाला की रेणू. पण ज्यानं पहिल्यांदा वाट काढली त्याच्यापुढे अशा हजार वाटा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक कुठेच जात नव्हत्या.

हे सगळं एका बाटलीवर पाहू. ती मंगरूळपीरच्या दुकानातली असल्यामुळे तीच निवडली.

क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी. सोयाबीनवरच्या अळ्यांसाठी १० लिटर पाण्यात ३ मि.लि. लेबलावर हिरवा त्रिकोण, म्हणजे विषारीपणाच्या उतरंडीत सगळ्यात खालचा. अळीच्या स्नायूत कॅल्शियम साठवून ठेवणारी एक कोठी असते, तिच्या दाराला रायनोडिन ग्राहक म्हणतात. हे औषध ते दार उघडं ठेवतं. कॅल्शियम वाहून जातं, स्नायू लुळे पडतात, अळी खाणं थांबवते आणि मरते. माणसाच्या शरीरातही असं दार असतं, पण या रेणूला ते फारशी दाद देत नाही. या दाराला नाव मिळालं ते रायनिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या झुडपावरून. त्याच्या खोडाची भुकटी गेल्या शतकाच्या मध्यापासून कीटकनाशक म्हणून वापरात होती. म्हणजे दार जुनंच माहीत होतं. त्याच दारावर चालणाऱ्या दुसऱ्या एका कुळावर, फ्थॅलिक डायअमाइडवर, जपानच्या निहोन नोह्याकू कंपनीत काम झालं होतं. फ्लुबेंडियामाइड हे त्या कुळातलं औषध. ड्यूपॉन्टच्या रसायनतज्ज्ञांनी अँथ्रानिलिक डायअमाइडचं कुळ काढलं आणि त्यात क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल जन्मलं. पुढे २०१७ मध्ये हा धंदा एफएमसी कंपनीकडे गेला.

या कुळावर ड्यूपॉन्टनं आधी एक मोठं पेटंट घेतलं होतं, आणि नंतर नेमक्या रेणूवर दुसरं: भारतीय पेटंट क्रमांक २०१३०७. मोठ्या पेटंटची रचना समजली तर पुढचा सगळा वाद समजतो. अशा दाव्याला मारकुश दावा म्हणतात, अमेरिकेतल्या युजीन मारकुश नावाच्या रसायनतज्ज्ञावरून. त्यात एकच सांगाडा देतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर 'किंवा'ची यादी. खानावळीच्या पाटीसारखं: भाकरी किंवा पोळी, पिठलं किंवा वांग्याची भाजी, ताक किंवा मठ्ठा. फरक एवढाच की पाटीवर आठ ताटं होतात. सांगाड्याला पाच कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यासाठी २० पर्याय असले तर ३२ लाख रेणू होतात. खऱ्या दाव्यांत याहून जास्त.

बेस्ट क्रॉप सायन्स आणि इतर कंपन्यांना क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल विकायचं होतं. एफएमसीनं दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. समोरच्यांचं म्हणणं असं की हा रेणू पहिल्या मोठ्या पेटंटच्या कुंपणातच होता, मग दुसऱ्यांदा पेटंट कशाला? आणि कुंपणात नसला तरी त्याच्या इतका जवळ होता की जाणकार तिथे पोचलाच असता. जुलै २०२१ मध्ये न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी प्रथमदर्शनी एफएमसीच्या बाजूनं मनाईहुकूम दिला. कुंपणात येणं वेगळं आणि नाव घेऊन सांगणं वेगळं, हा फरक त्यांनी धरला. एवढ्या पर्यायांतून नेमके हेच गट नेमक्या याच जागी बसवायला जुना कागद कुठे सुचवतो, हे दाखवल्याशिवाय 'सहज सुचलं असतं' म्हणता येत नाही.

इथे एक काटा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ च्या नोव्हार्टिस निकालात बजावलं होतं की कुंपण दूरवर घालायचं आणि आत काय आहे ते मात्र थोडंच सांगायचं, असा खेळ चालणार नाही. त्यामुळे दोन्ही बाजू तोच निकाल उघडून वाचतात. आणि एफएमसीच्या निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत दिल्लीच्याच खंडपीठानं अॅस्ट्राझेनेका विरुद्ध इंटास या मधुमेहाच्या गोळीच्या खटल्यात कल उलटा दाखवला. दोन्ही पेटंटांचा शोधक एकच असेल तर त्याला साधा जाणकार कसं धरायचं? त्याला घरातली गोष्ट ठाऊकच होती. खंडपीठानं अशा माणसाला 'माहीतगार' असा वेगळा दर्जा दिला आणि मनाई नाकारली. एकाच न्यायालयात, एकाच महिन्यात, दोन वेगळे आरसे. माझं मत विचाराल तर माहीतगाराची कल्पना चलाख असली तरी कायद्यात तिला आधार कमी आहे. कायद्यानं काल्पनिक कारागीर निवडला तो खऱ्या शोधकाच्या डोक्यात शिरायची वेळ येऊ नये म्हणूनच.

रेणूंच्या भाऊबंदकीचा याहून झणझणीत पुरावा त्याच कुळात आहे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलच्या बेंझिन कड्यावरचा क्लोरीन काढून तिथे सायनो गट बसवला की सायनट्रानिलीप्रोल होतं. बाकी सगळं तेच. थोरला अळ्यांचा काळ. धाकटा पाण्यात जास्त विरघळतो, झाडात जास्त फिरतो आणि पांढरी माशी, फुलकिडे अशा रस शोषणाऱ्या किडींवरही चालतो. चित्रात एक कोपरा बदलला, आणि शेतात गिऱ्हाईक बदललं.

पण एफएमसीची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. मुख्य रेणूचं पेटंट १३ ऑगस्ट २०२२ रोजी संपलं. मात्र तो रेणू बनवायच्या एका कृतीवरचं पेटंट अजून जिवंत होतं. नॅटको कंपनी स्वतःची कृती घेऊन आली. पेटंटात सल्फोनिल क्लोराइड वापरायचं सांगितलं होतं, नॅटको थायोनिल क्लोराइड वापरत होती. एफएमसीचं म्हणणं: नाव वेगळं, काम तेच, म्हणून ही आमचीच कृती. न्यायालयानं मनाई नाकारली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठानंही ते कायम ठेवलं. आता दोन्ही खटले शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात कंपनी म्हणते, थोड्या फरकानं रेणू अगदी नवा होतो. दुसऱ्यात तीच कंपनी म्हणते, थोड्या फरकानं कृती मुळीच नवी होत नाही. कायद्याच्या कसोट्या दोन्हीकडे वेगळ्या आहेत, तेव्हा यात लबाडी शोधू नये. पण भाऊबंदकीच्या खटल्यात नातं किती जवळचं, हे वाटणी कशाची आहे त्यावर ठरतं, हे गावाकडच्या वाचकाला मी सांगायला नको.

कलम ३(ड) बद्दल दोन शब्द. जुन्याच पदार्थाचे क्षार, शुद्ध रूपं, आरशातली रूपं नवी मानायची नाहीत, परिणामकारकतेत ठळक फरक असेल तरच मानायची, असं ते कलम सांगतं. दुकानात सायपरमेथ्रिन आणि अल्फामेथ्रिन शेजारी शेजारी असतात. सायपरमेथ्रिन म्हणजे आठ जुळ्यांचं मिश्रण. त्यातली जास्त कामाची दोन वेगळी काढली की अल्फामेथ्रिन. अर्थात त्याची मात्रा कमी लागते. असा अर्ज आज आला असता तर? माझ्या मते अडला असता. आळशी भाऊ बाहेर काढले की उरलेल्यांचं काम वाढलेलं दिसणारच. त्यात जाणकाराला अचंबा वाटण्यासारखं काही नाही.

युरोपातल्या पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळानं १९९५ मध्ये अॅग्रेव्हो या तणनाशकाच्या प्रकरणात एक गोष्ट सांगितली, ती इथेही लागू पडावी. लाखो रेणूंवर दावा करायचा तर त्यातले जवळजवळ सगळे तण मारतात असं मानायला जागा पाहिजे. नाहीतर तुम्ही एखाद्या कामासाठी शोध लावलेला नसून नुसती रेणूंची यादी केलेली असते.

मग या सगळ्यात मंगरूळपीरच्या माणसाची जागा कुठे? काउंटरवर पैसे देणारा म्हणून ती आहेच. पण कायद्यानं त्याला आणखी एक जागा दिली आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला की कलम २५(१) नुसार त्यावर 'कोणीही' लेखी हरकत घेऊ शकतं. कंपनी असायची गरज नाही, नुकसान दाखवायची गरज नाही. 'हा रेणू सहज सुचण्यासारखा आहे' हे त्या हरकतीचं एक मान्य कारण आहे. जुना प्रसिद्ध अहवाल, जुना शोधनिबंध, कृषी विद्यापीठाच्या एखाद्या पुस्तिकेत छापलेला प्रयोग, यांतलं काहीही पुरावा म्हणून चालतं. फक्त ते अर्जदाराच्या दाव्याच्या अग्रक्रम तारखेच्या आधीचं असलं पाहिजे. हरकत पेटंट मंजूर होईपर्यंतच घेता येते, फॉर्म ७-ए वर.